फायनलवर किती नॉट? सेसना १७२ उतरवायला शिकणाऱ्यांसाठी

पहिला सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने करायचं उड्डाण, जवळ आला की जवळपास प्रत्येक विद्यार्थी हा प्रश्न विचारतो: फायनलवर, म्हणजे उतरताना धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, वेग किती नॉट (ताशी सागरी मैल) ठेवायचा. "सर, फायनलला किती ठेवू?" आणि उत्तर एका आकड्यात मिळतं: "पासष्ट." उत्तर चूक नाही. पण पासष्टच का, कधी त्याहून कमी चालतं आणि कधी जास्त हवं, हे कळलं नाही तर तो आकडा पाठ केलेल्या पाढ्यासारखा होतो. वारा फिरला, विमान हलकं असलं, धावपट्टी छोटी निघाली की पाढा उपयोगी पडत नाही.

मी शिकत होतो तेव्हा मला ते पासष्टही कमी वाटायचे. जमीन जवळ येताना वेग कमी करणं मनाला पटत नसे. म्हणून "असू देत पाच-दहा गाठीशी" म्हणत मी पंचाहत्तरने यायचो. एका दुपारी, तिसऱ्या की चौथ्या सोलोत, तसाच आलो. फ्लेअर केला, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेतलं, आणि विमान टेकेचना. धावपट्टीवर हातभर उंचीवर तरंगत राहिलं. अर्धी धावपट्टी मागे गेली तसा धीर सुटला आणि मी नाक खाली दाबलं. आधी पुढचं चाक टेकलं, विमान उसळलं, पुन्हा आपटलं, त्याहून उंच उसळलं. रेडिओवर इन्स्ट्रक्टरांचा आवाज आला, "गो-अराउंड!" म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढ. हाताने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, आत ढकलला आणि मी वाचलो. विमानही वाचलं. संध्याकाळी त्यांनी कागदावर दोन आकडे लिहिले, ६१ आणि ७५. दोघांचे वर्ग करून शेजारी मांडले: ३७२१ आणि ५६२५. म्हणाले, "तू आज दीडपट ऊर्जा घेऊन आलास. ती कुठे जाणार होती?"

तो कागद अजून माझ्याकडे आहे. हा लेख त्याच कागदाचा विस्तार आहे.

खालचे सगळे आकडे सेसना १७२एस या मॉडेलचे आहेत. बारामती, गोंदिया, शिरपूर किंवा आणखी कुठेही तुम्ही शिकत असाल आणि तुमचं विमान वेगळं असेल, तर पद्धत हीच ठेवा, पण आकडे तुमच्या विमानाच्या पुस्तकातून घ्या. सेसना १५२ चे आकडे निराळे आहेत. जुनी सेसना असेल तर आधी एअरस्पीड इंडिकेटरवर काय छापलंय ते वाचा, कारण सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक विमानांचा मीटर नॉटमध्ये नसून ताशी मैलांत आहे. ६१ नॉट म्हणजे ७० मैल. मैलांचा काटा ६१ वर ठेवून आलात तर प्रत्यक्षात फक्त ५३ नॉट असतील. आणि शाळेने एखादा वेग ठरवून दिला असेल तर इन्स्ट्रक्टरशी बोलल्याशिवाय त्याच्या खाली जाऊ नका.

पहिली पायरी: स्टॉलपासून सुरुवात

अप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येतानाचा, वेग कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नाही. तो स्टॉलच्या वेगापासून मोजलेला आहे. पंखाला विशिष्ट कोनापर्यंतच हवा चिकटून वाहते. कोन त्यापुढे गेला की हवा पंखाच्या वरच्या बाजूपासून सुटते आणि उचल कोसळते. हाच स्टॉल. इंजिन चालू असो वा बंद, याचा त्याच्याशी संबंध नाही. विमान हळू चाललं की तेवढीच उचल मिळवायला हा कोन वाढवावा लागतो, म्हणून कमी वेग म्हणजे स्टॉलच्या जवळ जाणं.

मीटरवरची पांढरी कमान पाहा. ती ४० नॉटला सुरू होते आणि ८५ ला संपते. खालचं टोक म्हणजे पूर्ण फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचा खाली सोडायचा भाग), पूर्ण वजन, इंजिन आयडल (किमान जोरावर) असताना स्टॉलचा वेग. वरचं टोक म्हणजे पूर्ण फ्लॅप सोडायची कमाल मर्यादा. हिरवी कमान ४८ ला सुरू होते. तो फ्लॅप न सोडता होणारा स्टॉल.

स्टॉलच्या वेगाला १.३ ने गुणायचं, हा अप्रोचचा जगभर वापरला जाणारा नियम. म्हणजे स्टॉलच्या वर तीस टक्के राखीव. फ्लेअरसाठी, वाऱ्याच्या धक्क्यासाठी आणि तुमच्या हाताच्या चुकीसाठी जे लागतं ते या तीस टक्क्यांत धरलेलं आहे. ही गोष्ट नीट डोक्यात बसवा, कारण "गाठीशी असू देत" म्हणणारा माणूस हे विसरतो की गाठ आधीच बांधून दिलेली आहे.

आता ४० गुणिले १.३ करून पाहा. ५२ येतात. पण पुस्तकात छोट्या धावपट्टीवर उतरताना ६१ लिहिलंय! नऊ नॉट कुठून आले?

इथे बरेच जण अडखळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. विमान स्टॉलच्या जवळ असताना नाक इतकं वर असतं की पिटो नळीत, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीत, हवा सरळ शिरत नाही, तिरकी येते. त्यामुळे मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. पुस्तकात स्टॉलच्या तक्त्यात दोन रकाने दिसतील: एक मीटरवर दिसणारा वेग, दुसरा त्रुटी काढून टाकलेला, म्हणजे कॅलिब्रेटेड. पूर्ण फ्लॅपला पहिला ४०, दुसरा ४८. गुणाकार नेहमी दुसऱ्याचा करायचा. ४८ गुणिले १.३ म्हणजे ६२ आणि थोडं. हे पुन्हा मीटरच्या भाषेत आणलं की ६१ च्या आसपास येतं, कारण साठच्या पुढे मीटरची त्रुटी दोन-तीन नॉटांवर येते. पुस्तकाचा ६१ हा आकडा असा जुळतो. मीटरवरच्या ४० ला १.३ ने गुणून जो ५२ ने येईल त्याच्याकडे तीस टक्के राखीव उरत नाही, फार कमी उरतं.

साध्या अप्रोचसाठी पुस्तक पूर्ण फ्लॅपला ६० ते ७० आणि फ्लॅपशिवाय ६५ ते ७५ असा पट्टा देतं. शाळांचा पासष्ट हा त्या पहिल्या पट्ट्याचा मध्य आहे.

दुसरी पायरी: आज विमान किती जड आहे?

हे ६१ कमाल वजनाचं आहे, ११५७ किलो. चार माणसं, इंधन, सामान. सोलोला निघालेल्या विद्यार्थ्याचं विमान इतकं जड कधीच नसतं.

वजन कमी झालं की स्टॉलचा वेगही उतरतो, पण वर्गमुळाच्या प्रमाणात. वर्गमूळ काढत बसू नका. सोपा हिशेब असा: वजन जितके टक्के कमी, वेग त्याच्या निम्मे टक्के कमी. तुम्ही आणि इन्स्ट्रक्टर, टाक्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या, असं मिळून विमान १०४० किलो असेल तर वजन दहा टक्के कमी. वेग पाच टक्के कमी, म्हणजे ६१ चे ५८. तुम्ही एकटेच आणि विमान ९३० किलोचं असेल तर वजन वीस टक्के कमी, वेग दहा टक्के कमी, म्हणजे ५५.

आता माझं ते पंचाहत्तर पुन्हा बघा. मी एकटा होतो. मला थ्रेशोल्डवर, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीच्या कडेवर, हवे होते ५५ ते ६०, आणि मी आलो ७५ ने. विमान तरंगत राहिलं यात नवल काहीच नव्हतं.

हे वाचून उद्या लगेच सोलोला ५५ ने यायला निघू नका. हे गणित समजण्यासाठी आहे. पासष्टने फायनल धरून थ्रेशोल्डवर साठपर्यंत उतरणं, हे शिकाऊ हाताला पुरेसं आहे. फक्त हे माहीत असू द्या की एकट्याने उडताना त्या पासष्टमध्येही तुमच्यासाठी आधीच बरेच जादा नॉट आहेत. त्यावर आणखी पाच टाकायची गरज नाही.

तिसरी पायरी: वारा

स्थिर वारा समोरून येत असेल तर वेगात काही मिळवायचं नाही. विमानाला हवेतला वेग कळतो, जमिनीवरचा नाही. पंधरा नॉटचा समोरचा वारा असेल तरी मीटरवर तेच ६१. उलट जमिनीवरचा वेग ४६ होतो आणि थांबायला जागा कमी लागते. हलक्या विमानासाठी हा देवाने दिलेला ब्रेकच.

झुळका असतील तर मात्र मिळवायचं, आणि नियम असा: झुळकेचा वेग वजा स्थिर वाऱ्याचा वेग, त्याच्या निम्मे. टॉवरने सांगितलं की वारा १२ नॉट, झुळका २२, तर फरक दहा, निम्मे पाच. इन्स्ट्रक्टरसोबतच्या ५८ चे झाले ६३. मिळवायचं कारण हे की झुळूक अचानक थांबली तर समोरचा वारा एका क्षणात दहा नॉटांनी कमी होतो आणि मीटरही तेवढाच पडू शकतो. मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, झुळका तेव्हाच लिहितात जेव्हा त्या सरासरी वाऱ्यापेक्षा दहा नॉट किंवा अधिक असतात. म्हणजे मेटारमध्ये झुळका दिसल्या की निदान पाच मिळवायचेच, हे गृहीत धरा. मेटारमध्ये काही नसेल आणि वाऱ्याची पिशवी नुसती लोंबत असेल तर काहीही मिळवू नका.

मागचा वारा हा वेगळाच शत्रू आहे. मीटरवर काहीच बदल दिसत नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. पुस्तकाचा हिशेब पाहा: समोरच्या वाऱ्यात दर ९ नॉटला अंतर दहा टक्के कमी होतं, पण मागच्या वाऱ्यात दर २ नॉटलाच दहा टक्के वाढतं. फक्त पाच नॉटचा मागचा वारा म्हणजे पंचवीस टक्के जास्त धावपट्टी. सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, चालू असताना दुपारी वारा फिरतो आणि सगळे जण आपल्या सवयीच्याच धावपट्टीवर उतरत राहतात, हे मी कितीदा पाहिलंय. डाउनविंडवर, म्हणजे फेरीत धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना, वाऱ्याची पिशवी बघायची सवय लावून घ्या. दरवेळी.

आडव्या वाऱ्यात पुस्तक सांगतं की धावपट्टीच्या लांबीला पुरतील एवढेच, कमीत कमी फ्लॅप वापरा. फ्लॅप कमी म्हणजे स्टॉलचा वेग वर, म्हणून अप्रोचही थोडा वरचा. तुमचा आकडा फ्लॅपप्रमाणे बदलतो हे विसरू नका. फ्लॅपशिवाय उतरलात तर पुस्तक पस्तीस टक्के जास्त अंतर धरायला सांगतं.

चौथी पायरी: मे महिन्याची दुपार

बारामतीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. मेमध्ये पारा चाळीसवर गेला की तिथली हवा सुमारे ५५०० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ होते. विद्यार्थी विचारतात, मग वेग किती वाढवू? काहीच नाही. मीटरलाही तीच विरळ हवा लागते आणि पंखालाही तीच. म्हणून मीटरवरचा ६१ स्टॉलपासून तितकाच लांब असतो. बदलतो तो खरा वेग. मीटर ६१ दाखवत असताना विमान हवेतून सुमारे ६६ नॉटने चाललेलं असतं. धावपट्टी जास्त वेगाने अंगावर येताना दिसते, डोळा सांगतो "फार जोरात आहेस", आणि हात नकळत वेग कमी करतो. मीटरवर विश्वास ठेवा. थांबायला अंतर जास्त लागेल, एवढं मात्र मनात धरा.

त्या दुपारच्या फायनलबद्दल आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात नसते. नांगरून उघड्या पडलेल्या काळ्या रानावरून जाताना तापलेली हवा विमानाला वर उचलते. त्याच्या शेजारीच पाटपाण्याचा उसाचा हिरवा पट्टा आला की विमान खाली बसतं. काळ्या रानावर तुम्ही थ्रॉटल कमी करता, उसावर पोचता आणि दोन्ही गोष्टी एकदम होतात: इंजिनाचा जोर नाही आणि हवा खाली ओढतेय. म्हणून उचल मिळाली की लगेच थ्रॉटल पूर्ण मागे ओढू नका, थोडा कमी करा आणि पुढचं शेत कोणतं आहे ते पाहा. आपल्या सर्किटखालची रानं ओळखून ठेवणं हेही प्रशिक्षणच आहे.

पाचवी पायरी: ठरवलेला वेग हातात आणणं

आकडा ठरला. आता तो फायनलवर आयत्या वेळी येत नाही, डाउनविंडपासून आणावा लागतो. जो डाउनविंडवर वेगात असतो तो बेसवरही, म्हणजे फायनलआधीच्या आडव्या टप्प्यातही, वेगात असतो आणि फायनलवर मीटरच्या मागे धावत असतो.

डाउनविंडवर, धावपट्टीपासून हजार फूट वर, मनात किंवा मोठ्याने म्हणा: "वजन इतकं, वारा असा, आजचा आकडा इतका." थ्रेशोल्डच्या बाजूला आलात की थ्रॉटल मागे, साधारण १५०० आरपीएम. नाक लगेच खाली सोडू नका. तिथेच धरा, वेग उतरू द्या. ११० च्या खाली आल्यावर पहिला फ्लॅप, दहा अंश. आता ८० वर ट्रिम करा, म्हणजे ट्रिमचं चाक फिरवून हात न लावता तोच वेग राहील असं करा.

ट्रिम झालं का हे तपासायची खूण एकच: योकवरून, म्हणजे हातातल्या सुकाणूवरून, हात काढा. नाक जागेवर राहिलं तर ट्रिम झालं. हात सोडल्यावर नाक खाली किंवा वर जात असेल तर तुम्ही वेग दंडाच्या ताकदीने धरलेला आहे, आणि रेडिओवर बोलायला लागलात की तो हातातून सुटणार. वेग बिघडण्याच्या तक्रारी माझ्या अनुभवात बहुतेकदा ट्रिमच्या तक्रारी निघतात.

बेसवर ८५ च्या खाली असल्याची खात्री करून वीस अंश फ्लॅप, वेग ७० ते ७५, पुन्हा ट्रिम. फायनलवर वळून पंख सरळ झाले की तीस अंश, वेग ६५, पुन्हा ट्रिम.

बेसवरून फायनलकडे वळण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण हलक्या विमानांचे कितीतरी जीवघेणे अपघात याच वळणात झालेत. वळणात पंखावर भार वाढतो आणि स्टॉलचा वेग वर चढतो. तीस अंश बँकला (पंखांच्या कलण्याला) सात टक्के, पंचेचाळीसला एकोणीस टक्के, साठला एक्केचाळीस टक्के. तुमच्याकडे राखीव तीस टक्के होते, आठवतंय ना? पंचेचाळीस अंशाच्या वळणात त्यातले बहुतेक संपले. आता कल्पना करा की बेसवर मागून वारा आहे, विमान फायनलची रेषा ओलांडून पलीकडे चाललंय. बँक आणखी वाढवायची भीती वाटते म्हणून पाय आतल्या बाजूच्या रडरवर (शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर) जातो, नाक खाली पडतं म्हणून हात योक मागे ओढतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेतं. पाच-सहाशे फुटांवरून त्यातून सावरायला जागा नसते. म्हणून नियम पक्का करा: सर्किटमध्ये तीस अंशांपेक्षा जास्त बँक नाही. रेषा ओलांडली गेली तर जाऊ द्या, हळूच परत या, नाही जमलं तर गो-अराउंड. रेषा चुकल्याची लाज कुणालाही वाटता कामा नये.

फायनलवर नाकाने वेग, थ्रॉटलने उंची. वेग वाढलाय तर नाक किंचित वर. उंची कमी पडतेय, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडेच पोचणार असं दिसतंय, तर थ्रॉटल थोडा आत. खरं तर दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत आणि अनुभवाने हात दोन्ही एकदम करायला लागतात, पण सुरुवातीला हे वेगळं ठेवलं तर गोंधळ होत नाही. समोरच्या काचेवर धावपट्टीच्या सुरुवातीला रंगवलेले आकडे एका जागी स्थिर दिसले पाहिजेत. ते काचेत वर सरकत असतील तर तुम्ही अलीकडे पडणार. खाली सरकत नाकाखाली जात असतील तर पलीकडे जाणार. नजर फिरती ठेवा: आकडे, मीटर, आकडे, मीटर. तीन अंशांच्या उतारासाठी उतरणीचा दर जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट असतो, ६५ ला मिनिटाला ३२५ फूट. व्हर्टिकल स्पीड हजारावर गेलाय असं दिसलं तर काहीतरी बिघडलेलं आहे.

तीनशे फुटांवर एक तपासणी करा. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठाच, पण माझा खरा उंबरठा हा तीनशे फुटांचा आहे. वेग ठरवलेल्या आकड्यापेक्षा पाचहून जास्त वर नाही आणि खाली मुळीच नाही? विमान मध्यरेषेवर? फ्लॅप आणि ट्रिम जागेवर? एकही उत्तर "नाही" आलं तर तिथेच गो-अराउंड. खालच्या तीनशे फुटांत सगळं दुरुस्त करू असं वाटतं, पण तिथे उरतात पन्नास-पंचावन्न सेकंद, आणि त्यातही फ्लेअर करायचाय.

थ्रेशोल्ड ओलांडला की मीटर विसरा. आता नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे. थ्रॉटल हळूहळू बंद, नाक हळूहळू वर, आणि विमानाला टेकू न देण्याचा प्रयत्न करत राहा. ते आपणहून, मागच्या चाकांवर बसेल.

वेग जास्त झाला तर

जमिनीजवळ, पंखांच्या लांबीइतक्या उंचीच्या आत, पंखांवरचा अवरोध कमी होतो. सेसनाचे पंख टोकापासून टोकापर्यंत अकरा मीटर, म्हणजे अगदी शेवटच्या काही मीटरांत. तिथे जादा वेग सहज उतरत नाही आणि विमान तरंगतं. साठ नॉटला विमान सेकंदाला सुमारे ३१ मीटर जातं. पाच सेकंद तरंगलात तर दीडशे मीटर धावपट्टी मागे पडली.

अशा वेळी नाक दाबायचं नाही. मी ते केलं आणि काय झालं ते वर सांगितलंय. पुढचं चाक मागच्यांसारखा आघात सोसण्यासाठी बनवलेलं नाही. ते इंजिनामागच्या ज्या फायरवॉलला जोडलंय ती वाकते, प्रॉपेलर जमिनीला लागू शकतो. उसळी सुरू झाली की प्रत्येक पुढची उसळी आधीपेक्षा वाईट होत जाते, कारण तुमचा हात प्रत्येक वेळी क्षणभर उशिरा पडतो. धावपट्टी भरपूर असेल तर नाक जिथे आहे तिथे धरून वेग संपायची वाट पाहा. पहिल्या एक तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर गो-अराउंड.

थ्रॉटल पूर्ण आत, उजवा पाय दाबून ठेवा, फ्लॅप लगेच वीस अंशांवर, वेग ६० धरून चढा. तीस अंश फ्लॅपच्या ट्रिमवर पूर्ण जोर दिला की नाक झपकन वर जातं, ते हाताने दाबून धरावं लागतं. याची ताकद पहिल्यांदाच प्रत्यक्ष धावपट्टीवर अनुभवू नका. तीन हजार फुटांवर जाऊन इन्स्ट्रक्टरसोबत हा सराव मागून घ्या. सगळे फ्लॅप एकदम वर घेऊ नका, विमान बसेल. वीस, मग अडथळे मागे पडल्यावर आणि उंची मिळाल्यावर दहा, मग शून्य.

वेग कमी झाला तर

नाक खाली आणि थ्रॉटल आत, दोन्ही एकदम. नुसतं नाक वर ओढून धावपट्टी गाठायचा मोह होतो, आणि हाच मोह सर्वांत घातक. कमी वेगात नाक जितकं वर तितका अवरोध जास्त, आणि विमान आणखी वेगाने खाली जातं. नाक वर करून खाली जाणारं विमान ही गोष्ट एकदा स्लो फ्लाइटमध्ये (मुद्दाम अगदी हळू उडण्याच्या सरावात), सुरक्षित उंचीवर, स्वतःच्या पोटात अनुभवली की कुणी सांगायची गरज राहत नाही.

मीटरच खोटं बोलत असेल तर

पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कुंभारमाशीला पिटो नळी फार आवडते. थोड्याच वेळात ती आत मातीचं घर बांधते. विमान उभं केलं की पिटोवर कव्हर घाला आणि उड्डाणाआधी ते काढल्याची खात्री करा. टेकऑफच्या धावेत काटा हलला की मोठ्याने "एअरस्पीड अलाइव्ह" म्हणा. काटा हलला नाही तर तिथेच थांबा. नळी आणि तिचं निचऱ्याचं भोक दोन्ही बुजली तर मीटर उंचीमापकासारखा वागायला लागतो: चढताना वेग वाढलेला दाखवतो, उतरताना कमी होत गेलेला. अप्रोचवर वेग पडतोय असं वाटून वैमानिक नाक खाली दाबतो आणि प्रत्यक्षात वेग वाढत जातो.

म्हणून आपल्या विमानाचा आवाज आणि नाकाची जागा पाठ करून ठेवा. साधारण १५०० आरपीएम, तीस अंश फ्लॅप, क्षितिज काचेवर नेहमीच्या जागी, म्हणजे वेग पासष्टच्या आसपास. एखाद्या सर्किटमध्ये इन्स्ट्रक्टरांना मीटर कागदाने झाकायला सांगा. तुमचा अंदाज किती जवळ येतो हे पाहून तुम्हाला स्वतःचंच आश्चर्य वाटेल.

एक वही

दर लँडिंगनंतर पाच रकाने भरा: वजन, वारा, ठरवलेला वेग, थ्रेशोल्डवर प्रत्यक्ष दिसलेला वेग, चाकं कुठे टेकली. टेकल्याची जागा धावपट्टीवरच्या खुणांवरून लिहा, "ठीक" असं लिहू नका. दोन आठवड्यांनी चौथा रकाना तिसऱ्याशी ताडून बघा. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चौथा रकाना बाराही ओळींत तिसऱ्यापेक्षा मोठा होता, कुठे सातने, कुठे चौदाने. तिसऱ्या पानावर फरक दोन-तीनवर आला, आणि त्याच पानावर शेवटच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलंय: "आकड्यांच्या लगेच पुढे."